बाहेरची रांग

१९९५ च्या जूनमध्ये मी पुण्यातल्या एका लॉ कॉलेजच्या खिडकीसमोर उभी होते. हातात इंदूरची बी.ए.ची मार्कशीट, ॲटेस्टेड झेरॉक्सचा गठ्ठा आणि खांद्यावरच्या पिशवीत मावशीला द्यायची दोन किलो सेव. खिडकीतल्या बाईंनी अर्जावरचं आडनाव वाचलं, चेहरा जरा सैलावला. मग खालची ओळ वाचली.

"अगं, एमपी? तुझी रांग ती पलीकडची. बाहेरच्यांची."

मी मराठीच आहे, असं काहीतरी मी पुटपुटले.

"ते दिसतंय गं. राज्य कोणतं ते सांग."

बाहेरच्यांच्या रांगेत माझ्यापुढे बिहारचा एक मुलगा होता आणि मागे गोव्याच्या दोघी. जागा बोटांवर मोजण्याइतक्या. यादीत नाव लागलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत निघाले. सेव पुण्यात राहिली, मी इंदूरला आले. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "म्हणाले, तू आपल्यातली नाहीस." तसं कोणी म्हणालं नव्हतं. पण एकविसाव्या वर्षी माणूस जे ऐकू येतं तेच सांगतो.

मग इंदूरलाच एलएल.बी.ला नाव घातलं. वर्ग सकाळचे, साडेसातपासून. घटनेचा पेपर शिकवायचे ते सर हायकोर्टात प्रॅक्टिस करत. वर्ग संपला की स्कूटरला किक मारून थेट एम.जी. रोडवरच्या खंडपीठात. जीरावन टाकलेल्या पोह्यांचा वास त्यांच्याआधी वर्गात यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर पहिल्या कलमाचा हिंदी पाठ लिहिला: "भारत, अर्थात् इंडिया, राज्यों का संघ होगा।" आणि म्हणाले, "भिया, इसमें फेडरेशन किधर है? ढूँढो."

आम्ही बेअर ॲक्ट, म्हणजे घटनेचा नुसता मजकूर, चाळत बसलो. तो शब्द कुठेच सापडेना. घटनेत तो नाहीच. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी त्याचं कारण सांगितलं होतं: हे संघराज्य घटकांनी आपापसात करार करून जमवलेलं नाही, म्हणून कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा अधिकार नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी एकत्र येऊन संघ केला. आपल्याकडे संघ आधी, राज्यं मागून. "और ये लिखने वाला आदमी पैदा कहाँ हुआ? अपने महू में," हे सर दर वर्षी सांगत आणि दर वर्षी मागच्या बाकावरून टाळ्या पडत.

माझा गोंधळ वेगळाच होता. मी विचार मराठीत करायचे आणि पेपर हिंदीत लिहायचे. घटनेच्या मराठी पाठात पहिल्या भागाचं नाव आहे 'संघराज्य आणि त्याचे राज्यक्षेत्र'. म्हणजे 'युनियन'ला मराठीत संघराज्य. आणि वर्तमानपत्रात, भाषणात, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण 'फेडरेशन'लाही संघराज्यच म्हणतो. बाबासाहेबांनी विचार करून जो शब्द बाहेर ठेवला, तो मराठीत मागच्या दाराने आत येऊन बसलाय. चाचणी परीक्षेत मी हिंदी उत्तरात दोन्ही ठिकाणी 'संघराज्य' ठोकून दिलं. सरांनी लाल गोल करून लिहिलं, "कौन-सा वाला?"

बाकी अभ्यासक्रम नेहमीचाच. घटना संघात्मक की एकात्मक, विवेचन करा. राज्यघटनांचे अभ्यासक के. सी. व्हेअर तिला अर्ध-संघीय म्हणतात, हे वाक्य टाकलं की दोन मार्क पक्के. सातव्या अनुसूचीतल्या केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या, मूळच्या ९७, ६६ आणि ४७ नोंदी. हे सगळं गाईडमध्ये होतं, त्यामुळे कोणाच्या डोक्यात राहिलं नाही. राष्ट्रपती राजवटीवरच्या बोम्मई खटल्यावर मात्र सर सहा दिवस बोलले, कारण तो ताजा होता आणि त्यात आमच्या घरचा मामला होता. डिसेंबर १९९२ मध्ये भोपाळचं सरकार बरखास्त झालं, १९९३ मध्ये जबलपूरच्या हायकोर्टाने ती राष्ट्रपती राजवटच रद्द ठरवली, आणि मार्च १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी हायकोर्टाचा तो निकाल फिरवला. फिरवता फिरवता पुढच्या सगळ्यांसाठी मात्र दोन गोष्टी घालून दिल्या: बहुमत सभागृहात मोजायचं, राजभवनात नाही, आणि राजवटीची घोषणा कोर्ट तपासू शकतं. "हम हारे, मगर सब राज्य जीत गए," सर म्हणायचे. ते कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न आम्ही तीन वर्षं सोडवू शकलो नाही.

राज्य म्हणजे नक्की काय, हे मला कळलं ते आजोबांच्या सर्व्हिस बुकातून.

आजोबा होळकर संस्थानात महसूल खात्यात कारकून म्हणून १९४० मध्ये लागले. त्यांचं सर्व्हिस बुक ट्रंकेत, आजीच्या शालूखाली असायचं. पुठ्ठा सुटलेला, पानं चहाच्या रंगाची. सुरुवातीच्या पानांवर होळकर सरकारचा शिक्का. मध्ये मध्य भारत शासन. शेवटच्या पानांवर मध्य प्रदेश शासन. शाई निळी, मग काळी, मग जांभळी, रबरी शिक्क्याची. नेमणुकीच्या ठिकाणांचा रकाना मात्र असा: इंदूर, महिदपूर, इंदूर, इंदूर, इंदूर. आजोबा ते पान उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "मी बदली मागितली नाही कधी. राज्यंच बदलून येत गेली."

१९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली संस्थानं मिळून, एकूण पंचवीस, मध्य भारत झालं. शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत संपलं. विंध्य प्रदेश, भोपाळ, महाकोशल यांच्यासकट आम्हाला एका मोठ्या राज्यात घातलं. राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला, महालेखापाल ग्वाल्हेरला. इंदूरच्या वाट्याला खंडपीठ आणि लोकसेवा आयोग. इंदूरकर अजून ही वाटणी लग्नातल्या मानापानासारखी मोजतात.

त्यात एक गंमत होती. आजीची धाकटी बहीण नागपूरला दिलेली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. म्हणजे १९५६ पर्यंत मावशीआजी मध्य प्रदेशात आणि आम्ही मध्य भारतात. १ नोव्हेंबरला आम्ही मध्य प्रदेशात आलो आणि त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. "आम्ही दारातून आत शिरलो, तोवर ती खिडकीतून बाहेर," आजी म्हणायची. बहिणी जन्मभर एका राज्यात आल्याच नाहीत. एकीनेही घर बदललं नव्हतं.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सर खुर्चीत पुढे सरकले. "अनुच्छेद तीन," ते म्हणाले, आणि त्या दिवशीचा तास त्यावरच गेला. संसद साध्या कायद्याने राज्य मोडू शकते, जोडू शकते, सीमा सरकवू शकते, नाव बदलू शकते. राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच विधेयक मांडायचं आणि त्यांनी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवायचं, एवढीच अट. मत मानलंच पाहिजे असं नाही. त्यावरची जुनी केस बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्राच्या ताब्यातली मुंबई असे तीन तुकडे होते. संसदेत शेवटी निघालं एकच मोठं द्विभाषिक मुंबई राज्य. पराते म्हणाले, आम्हाला मत विचारलं ते वेगळ्याच प्रस्तावावर. कोर्ट म्हणालं, प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा विचारायची गरज नाही. हा निकाल ऑगस्ट १९५९ चा. १ मे १९६० ला ते द्विभाषिक राज्यच मोडलं. महाराष्ट्रातले माझे भाऊबंद ती तारीख दर वर्षी साजरी करतात. आमच्याकडे त्या दिवशी कामगार दिनाची सुट्टी असायची की नाही, एवढाच प्रश्न. १ नोव्हेंबरला मध्य प्रदेशाचा स्थापना दिवस असतो. आमच्या घरात त्या दिवशी कोणी झेंडा लावल्याचं मला आठवत नाही. तशी चीडही नव्हती. पेन्शन वेळेवर येत होती, आणि ती येत होती त्याला कारण होतं घटनेतलं २९५ वं कलम, ज्याने जुन्या संस्थानांची देणी नव्या राज्यांच्या गळ्यात घातली. आजोबांना कलमाचा आकडा मी सांगितला तेव्हा त्यांनी तो पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

दुसऱ्या वर्षी सरांनी पंधराव्या कलमावर, जन्मस्थानावरून भेदभाव करण्याच्या मनाईवर, टिपण काढायला सांगितलं. यादीत एक नाव होतं: डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य, १९५५. लायब्ररीत ए.आय.आर.चे, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहाचे, जाड खंड सगळ्यात खालच्या फळीवर. गुडघे टेकून तो खंड ओढला, झाडला आणि तिथेच फरशीवर बसून उघडला. 'मध्य भारत राज्य' हे नाव मी आजोबांच्या सर्व्हिस बुकाबाहेर पहिल्यांदाच छापलेलं पाहत होते. आणि आडनाव जोशी. वाटलं, असेल कोणी इंदूरच्या रामबागेतला.

पहिल्याच परिच्छेदात कळलं की हा जोशी दिल्लीचा रहिवासी. शिकायला इंदूरला आलेला, आमच्या महात्मा गांधी मेमोरियल, म्हणजे एमजीएम, मेडिकल कॉलेजात, जिथे माझ्या दोन मैत्रिणी तेव्हा एमबीबीएस करत होत्या. कॉलेजच्या नियमात मध्य भारतातल्या मुलांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. जोशी थेट सुप्रीम कोर्टात गेला: हा जन्मस्थानावरून भेदभाव आहे. चार न्यायाधीशांनी सांगितलं, नाही. निवास आणि जन्मस्थान या दोन वेगळ्या गोष्टी. पंधराव्या कलमात मनाई जन्मस्थानावरून भेद करायला आहे, निवासावरून नाही. शिवाय कॉलेज राज्याच्या पैशावर चालतं, तर राज्याने आपल्या लोकांना सवलत दिली यात वावगं काय. इथली मुलं शिकून बहुधा इथेच दवाखाना टाकतील. पाचव्या न्यायाधीशांना, जगन्नाधदासांना, ते पटलं नाही. त्यांनी वेगळं मत लिहिलं.

मी ती पानं दोनदा वाचली. पुण्याच्या खिडकीतल्या बाई मला दीड वर्षापूर्वी जे म्हणाल्या, त्याला सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्ये होकार देऊन ठेवला होता. आणि तो मिळवला कोणी, तर आमच्याच राज्याने, आमच्याच गावातल्या कॉलेजासाठी. म्हणजे पहिली बाहेरची रांग आखणाऱ्यांत इंदूरही होतं. ज्या राज्याने ती भांडून राखली, ते पुढच्याच वर्षी नकाशावरून गेलं. नियम राहिला. आणि वर मी त्या जोशीला आडनावावरून आपला ठरवून बसले होते, अगदी खिडकीतल्या बाईंनी मला ठरवलं तसंच.

संध्याकाळी आजोबांना सगळं सांगितलं. ते ओसरीवर पंख्याखाली बसले होते. निकाल, चार विरुद्ध एक, निवास, जन्मस्थान, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या पोराचं पुढे काय झालं? डॉक्टर झाला का तो?"

रिपोर्टरमध्ये ते नव्हतं. नसतंच. अर्ज फेटाळला, एवढंच असतं.

पुढे वाचत गेले तसं कळलं की कोर्टालाही ही रांग फारशी आवडत नाही. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायाधीशांनी राज्यांना चांगलंच सुनावलं. डोमिसाइल म्हणजे अधिवास, आणि भारतात तो एकच: भारताचा. राज्यांनी तो शब्द आपापल्या रहिवाशांसाठी वापरणं थांबवावं. तरी एमबीबीएसच्या काही जागा रहिवाशांसाठी ठेवायला हरकत नाही, असंही म्हटलं. २९ जानेवारी २०२५ ला तन्वी बहल खटल्यात पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरचं निवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, आणि पुन्हा तेच, आपण सारे भारताचे अधिवासी. चाळीस वर्षं कोर्ट हे सांगतंय आणि चाळीस वर्षं प्रत्येक तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाला ओरडतोय, "डोमिसाइल बनवाना है क्या?" आमच्याकडे कागदावर त्याला मूल निवासी प्रमाणपत्र म्हणतात. बोलण्यात डोमिसाइलच.

मला स्वतःला विचाराल तर मी जोशी निकालाच्या बाजूने अर्धी आहे. झाबुआ-आलीराजपूरच्या दवाखान्यात डॉक्टर हवा असेल, तर तिथली मुलं कॉलेजात आली पाहिजेत, हे इंदूरमध्ये राहून नाकारता येत नाही. पण ज्या दिवशी मी अर्धी त्या बाजूची होते, त्या दिवशी मला पुण्याच्या बाईंवर रागावता येत नाही, ही अडचण आहे.

इंदूर-पुणे रात्रीची बस खलघाटला नर्मदा ओलांडते. ती नदी लवादाने १९७९ मध्ये चार राज्यांत वाटली: एकूण २८ दशलक्ष एकर-फूट, त्यातलं मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. इंदूरच्या नळाला याच नदीचं पाणी, सत्तरेक किलोमीटरवरून चढवलेलं. पुढे सेंधवा आणि बिजासन घाट. (इंदूरच्या विमानतळाजवळची बिजासन टेकरी निराळी, आमच्याकडच्या देवींना पण डबल पोस्टिंग असतं.) घाटाखाली कुठेतरी ढाब्याच्या पाटीवरचं 'शुद्ध शाकाहारी भोजनालय' तसंच राहतं, फक्त त्यापुढे 'येथे' लागतं. तेवढ्यात माझी घटनात्मक स्थिती बदललेली असते. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांनी ठरवलं की भाषिक असो वा धार्मिक, अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून मोजायचं. म्हणजे सेंधव्याच्या चहाला मी अल्पसंख्याक असते आणि शिरपूरला जाग येते तेव्हा बहुसंख्याक. झोपेत.

भाषावार प्रांतरचना झाली ती कोणासाठी, हे घाटात नेहमी मनात येतं. रेषा भाषेवरून आखायची म्हटली की काही लोक रेषेच्या चुकीच्या बाजूला राहणारच. रेषा आखणाऱ्यांना ते ठाऊक होतं. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने, म्हणजे ज्या दुरुस्तीने आमचं मध्य भारत गेलं तिनेच, ३५०-क कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी. एका हाताने रेषा आखली, दुसऱ्या हाताने राहिलेल्यांच्या नावे एक कलम. माझी शाळा हिंदीच होती. मराठी वाचायला मी आजोबांच्या दिवाळी अंकांवर शिकले, आणि ते कलम पेपरात लिहिताना मला आपण कुणाच्या तरी जुन्या पत्राला उत्तर देतोय असं वाटलं होतं.

एक गोष्ट राहिली. आमच्या वर्गात रायगढचा एक मुलगा होता, होस्टेलला राहायचा, बोम्मईवर सरांशी वाद घालायचा. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ झालं. पुन्हा तीच तारीख; मध्य प्रदेशाला १ नोव्हेंबर काय आवडतो कळत नाही. बाबासाहेबांनी १९५५ मध्येच भाषावार राज्यांवर लिहिताना मध्य प्रदेश आणि बिहार दोन्हींचे दोन-दोन भाग करा असं सुचवलं होतं. पंचेचाळीस वर्षांनी दोन्ही मोडले, पण रेषा वेगळ्या. त्या मुलाचा बिलासपूरहून फोन आला, तिथे नवं हायकोर्ट उघडलं होतं. म्हणाला, "अब मैं तुम्हारे यहाँ बाहर का हूँ." मी म्हटलं, ये, रांग कुठली ते मी दाखवते.

आजोबा १९९८ मध्ये गेले. सर्व्हिस बुक माझ्याकडे आहे.

आता भावाची मुलगी पुण्यात लॉ करतेय, ओएमएसच्या जागेवर. ओएमएस म्हणजे आउटसाइड महाराष्ट्र स्टेट. रांगेला आता तीन अक्षरांचं सुटसुटीत नाव आहे आणि खिडकी मोबाइलवर. परवा तिने एका पानाचा फोटो पाठवला, जोशीच्या नावाखाली पिवळी रेघ. "आत्या, हे आपलं एमजीएम? आणि मध्य भारत म्हणजे कुठे गं?" मी सर्व्हिस बुकाच्या तीन पानांचे फोटो काढून पाठवले. तिचा लगेच प्रश्न, "पण तो जोशी पास झाला का?" घरातला प्रश्न आहे तो. मी आजोबांचं सांगितलं नाही तिला.

काल तिला सेव पाठवायला गेले. दुकानदाराने एक पाकीट माझ्यासाठी वेगळं बांधलं, त्याची पावती निराळी केली: सीजीएसटी, एसजीएसटी, केंद्राचा निम्मा, राज्याचा निम्मा. मग पुण्याच्या पार्सलकडे वळला. तीच सेव, त्याच घाण्यातली.

"ये बाहर जाएगा ना?" त्याने बिलावर आयजीएसटी टाकत विचारलं.

मी म्हटलं, "हो, बाहर."

"पिनकोड बोलो."